दीडशे मिनिटांच्या प्रश्नानंतर काय? सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
तसेच मा. आयुक्त, आरोग्य सेवा,
महाराष्ट्र शासन.

विषय: प्रौढांच्या शारीरिक हालचालीची विचारपूस व सल्ला प्राथमिक आरोग्यसेवेच्या रोजच्या कामात आणण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेली २६ वर्षे कुटुंबवैद्य म्हणून काम करीत आहे आणि त्याआधी एक वर्ष बंधपत्रित वैद्यकीय अधिकारी म्हणून एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. हे पत्र एका छापील प्रश्नाविषयी आहे, आणि तो प्रश्न आपल्या यंत्रणेच्याच कागदावर आहे.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे रक्तदाब-मधुमेहासारख्या आजारांचा धोका पाहणारी प्रश्नावली, आशाताई घरोघरी जाऊन भरतात. वय किती, तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का, असे त्यात विचारले जाते आणि त्याच ओळीत आणखी एक प्रश्न असतो: आठवड्यातून किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का? होत असेल तर शून्य गुण, होत नसेल तर एक. सगळ्या उत्तरांची बेरीज ४ च्या वर गेली, तर त्या व्यक्तीची तपासणी प्राधान्याने करायची. तपासणीत साखर किंवा रक्तदाब वाढलेला निघाला की औषध सुरू होते, आणि हे काम खेड्यापाड्यांत किती नेटाने चालले आहे ते मी जवळून पाहिले आहे. परंतु हालचाल नाही म्हणून मिळालेल्या त्या एका गुणाचे पुढे काय झाले, असे मी माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांना विचारतो तेव्हा त्यांना काही सांगता येत नाही. प्रश्न विचारल्याचे काहींना आठवते. त्या उत्तरावर कोणी दोन शब्द बोलले, असे सांगणारा रुग्ण मला अजून भेटलेला नाही.

माझी विनंती एवढीच आहे की या उत्तरापुढे एक ठरावीक कृती जोडली जावी आणि ती पुढच्या प्रत्येक भेटीत तपासली जावी. त्यासाठी नवी योजना, नवे नाव किंवा नवी इमारत लागणार नाही असे मला वाटते, आणि तसे का वाटते ते जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न किती मोठा आहे, हे आपल्यासमोर असलेल्या आकड्यांवरून स्पष्ट आहे. जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २००० साली भारतातील सुमारे २२ टक्के प्रौढांची हालचाल अपुरी होती, ती २०२२ साली सुमारे ४९ टक्क्यांवर गेली आणि हाच कल राहिला तर २०३० पर्यंत ती ६० टक्क्यांच्या घरात जाईल. २०२२ साली पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते, तर स्त्रियांत ५७ टक्के. या अभ्यासात केवळ व्यायाम मोजलेला नाही. कामावरची, घरकामातली आणि येण्याजाण्यातली हालचालही धरलेली आहे. त्यामुळे ‘आमच्या बायका दिवसभर राबतच असतात’ या नेहमीच्या उत्तराने हा आकडा बाजूला सारता येत नाही. दुसरीकडे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाने २०२३ मध्ये देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि सुमारे १३ कोटी ६० लाख मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक असल्याचे दाखवले. याच सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचाही समावेश होता, आणि त्या टप्प्यातील निष्कर्षांनुसार फावल्या वेळात काही व्यायाम किंवा खेळ करणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी होते.

त्या १३ कोटी ६० लाखांसाठी काय करता येते, याचे उत्तर बाहेरून आणण्याची गरज नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साखर वाढण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांना चार गटांत विभागून तीन वर्षे पाहिले गेले. ज्यांना आहार आणि चालण्याविषयी नियमित मार्गदर्शन मिळाले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. ज्यांना केवळ मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी दिली, त्यांच्यात २६.४ टक्क्यांनी. दोन्ही एकत्र दिल्याने वेगळा लाभ दिसला नाही. म्हणजे आपल्या औषध भांडारातून वाटल्या जाणाऱ्या गोळीइतके काम त्या मार्गदर्शनाने केले. मात्र ते एकदा सांगून थांबले नव्हते. दर महिन्याला दूरध्वनीवरून विचारपूस होती आणि सहा महिन्यांनी प्रत्यक्ष भेट होती. या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे: जे लोक अंगमेहनतीचे काम करीत होते किंवा रोज अर्ध्या तासाहून अधिक चालत वा सायकलीवर जात होते, त्यांना वेगळे चालायला सांगितलेच नाही, आहे तेच चालू ठेवा म्हणून सांगितले.

हे मला महत्त्वाचे वाटते, कारण बंधपत्राच्या त्या वर्षी मी याच्या उलट वागलो होतो. पन्नाशीच्या एक बाई ओपीडीत आल्या होत्या. रक्तदाब बराच वाढलेला होता. बाहेर रांग होती. मी गोळ्या लिहिल्या आणि मान वर न करता म्हणालो, “मावशी, रोज अर्धा तास चालत जा.” त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, एसटी चुकली म्हणून सहा किलोमीटर चालतच आले, आन् उद्या सकाळी भांगलणीला जायचंय.” त्यांच्या पायांकडे पाहण्याचे मला तोपर्यंत सुचले नव्हते. त्यांना विश्रांतीची, मीठ कमी करण्याची आणि नियमित गोळीची गरज होती. माझा सल्ला त्यांच्यासाठी नव्हताच. न विचारता दिलेला सल्ला निरुपयोगी असतो, आणि कष्टकरी माणसाला तो अपमानास्पदही वाटतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्याच गावात मी अजूनही अधूनमधून जातो. आता घरात नळ आला, गॅस आला, दळण पाठवायला दुचाकी आली, नांगरटीला ट्रॅक्टर आला आणि दोन शेते पलीकडच्या वावरात जायलाही मोटारसायकल निघते. ते कष्ट गेले हे फार चांगले झाले. पाण्याच्या हंड्यांनी ज्यांच्या मानेचे आणि कमरेचे नुकसान झाले त्या बायका माझ्या रुग्ण आहेत, आणि जुने दिवस परत यावेत असे त्यांच्यासमोर कोणी म्हणू नये. परंतु कष्ट गेले त्या जागी दुसरे काही आले नाही. त्या मावशींची सून दुकानाच्या गल्ल्यावर बसते, मुलगा पिकअप गाडी चालवतो आणि दोघांचीही साखर चाळिशीच्या आत वाढलेली आहे. एका घरातल्या सासूला ‘चालू नका, जरा बसा’ आणि सुनेला ‘बसू नका, जरा चाला’ असे सांगावे लागते. हा फरक फॉर्मवरच्या एका गुणाने कळत नाही. त्याला दोन मिनिटांचे बोलणे लागते.

हे दोन मिनिटांचे बोलणे इतर देशांनी प्राथमिक सेवेत रीतसर बसवलेले आहे. न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून ‘ग्रीन प्रिस्क्रिप्शन’ दिले जाते. डॉक्टर किंवा परिचारिका रुग्णाशी बोलून, त्याला काय जमेल ते ठरवून, औषधासारखेच कागदावर लिहून देते आणि नंतर त्याला फोन करून विचारले जाते. तेथील ४२ दवाखान्यांतील ८७८ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर असे दिसले की, असा सल्ला मिळालेल्या दर दहा जणांमागे साधारण एक जास्तीचा माणूस आठवड्याला अडीच तासांच्या व्यायामापर्यंत पोहोचला. दहात एक हा आकडा लहान वाटेल. पण एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली सपाट भागात ३० हजार लोकसंख्या असते आणि सल्ल्याची किंमत कागदाच्या एका रकान्याएवढी असते, हे लक्षात घेतले तर दहात एक हे थोडे नाही. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्ये प्राथमिक सेवेतील अशा थोडक्यात सल्ल्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचे सार असे की आधी विचारा, मग त्या माणसाच्या परिस्थितीला धरून सांगा, काय ठरले ते नोंदवा आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारा. चारही पायऱ्या साध्या आहेत. आपल्याकडे पहिली पायरी बांधून झाली आहे आणि पुढच्या तीन बाकी आहेत.

या तीन पायऱ्यांसाठीची जागा आपण आधीच तयार केलेली आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात अगदी सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्या उपक्रमाने आपल्याला एक फार मोलाची सवय लावली: रुग्ण दर महिन्याला औषध न्यायला येतो, त्याचा रक्तदाब मोजला जातो आणि कार्डावर लिहिला जातो. वर्षातून बारा वेळा तोच माणूस त्याच टेबलासमोर येतो. एवढ्या नियमितपणे भेटणारी दुसरी कोणतीही व्यक्ती त्याच्या आयुष्यात ‘या महिन्यात किती चाललात?’ असे विचारणार नाही. म्हणून त्या कार्डावर रक्तदाबाच्या आकड्याशेजारी एक छोटा रकाना असावा आणि त्यात आठवड्याची मिनिटे लिहावीत. मागच्या वेळी ४० लिहिले असेल आणि या वेळी ६० झाले असेल, तर उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने ते मोठ्याने वाचून दाखवावे. शून्य असेल तर रागवू नये, काय अडले ते विचारावे. मी माझ्या दवाखान्यात गेले दीड वर्ष केसपेपरवर असे लिहितो आहे. सर्वांच्या बाबतीत फरक पडला असा माझा दावा नाही. पण ज्यांच्या बाबतीत पडला, त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली: “तुम्ही पुढच्या वेळी विचारणार हे माहीत होतं.”

हे काम वैद्यकीय अधिकाऱ्यांवर टाकू नये, अशीही माझी आग्रहाची विनंती आहे. सकाळच्या ओपीडीत रुग्णामागे दोन मिनिटेही मिळत नाहीत, आणि तिथे आणखी एक कर्तव्य वाढवले तर ते केवळ शेरा म्हणून उरेल. आयुष्मान आरोग्य मंदिरातील (म्हणजे गावच्या उपकेंद्रातील) समुदाय आरोग्य अधिकारी आणि आरोग्यसेविका हे बोलणे अधिक चांगले करू शकतात, कारण त्यांना माणसाचे घर, वाट आणि कामाचे तास माहीत असतात. त्यांच्यासाठी एका दिवसाचे प्रशिक्षण पुरेल, मात्र ते भाषणांचे नसावे. समोरासमोर बसून ‘गुडघे दुखतात’, ‘वेळ नाही’, ‘लोक काय म्हणतील’ या तीन उत्तरांना काय म्हणायचे याचा सराव त्यात व्हावा. आशाताईंकडून घरोघरी पाठपुरावा हवा असेल तर त्याचा मोबदला आधी ठरवावा. सीबॅकचा एक फॉर्म भरण्याचे त्यांना १० रुपये मिळतात. त्याच १० रुपयांत संभाषण, पाठपुरावा आणि नोंद या सगळ्याची अपेक्षा धरणे न्याय्य नाही.

सल्ला देताना शब्द कोणते वापरावेत हेही ठरवावे लागेल. ‘व्यायाम’ म्हटले की आमच्याकडची माणसे तालीम, जोर-बैठका किंवा शहरातली जिम डोळ्यांसमोर आणतात आणि ‘आता या वयात कुठं’ म्हणून विषय संपवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली, परंतु ती सलग किमान दहा मिनिटे असावी ही जुनी अट काढून टाकली. ही बाब खेड्यातल्या माणसाला मुद्दाम सांगण्यासारखी आहे. एसटीच्या थांब्यापर्यंत चालणे मोजले जाते, मुलाला शाळेत पायी सोडणे मोजले जाते, वावराच्या बांधावरून दोन फेऱ्या मोजल्या जातात. मध्यम श्रम म्हणजे काय, हे सांगायला यंत्र लागत नाही: चालताना बोलता आले पाहिजे, पण अभंग म्हणता येऊ नये, एवढा वेग. त्याच सूचनांत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही आहेत, जे आपल्या सल्ल्यातून जवळजवळ नेहमी सुटतात. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे आणि दाराची चौकट धरून टाचा उचलणे, हे दोन प्रकार उपकेंद्राच्या ओसरीवर शिकवता येतात. कोकणात आणि आमच्या घाटाकडच्या गावांत जून ते सप्टेंबर बाहेर चालणे अवघड असते, विदर्भातल्या मे महिन्यात तर सकाळी आठनंतर ते धोक्याचेही ठरते. तेव्हा घरात करता येण्याजोगे काही हाताशी असावेच लागते.

दर ज्येष्ठात माझ्याकडे वारीला निघालेले रुग्ण गोळ्या न्यायला येतात. त्यांतील मधुमेहींचा डोस मला बऱ्याचदा कमी करून द्यावा लागतो, कारण दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालणाऱ्याला तीच गोळी दिली तर लोणंद-फलटणच्या वाटेवर साखर एकदम उतरून चक्कर येण्याची भीती असते. परत आल्यावर ते स्वतःच सांगतात की, शुगर कधी नव्हे एवढी चांगली राहिली. मग आषाढ संपतो, गोळी पूर्वीच्या डोसवर येते आणि मंदिरापर्यंतसुद्धा गाडीवरून जाणे सुरू होते. या माणसांना चालण्याचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. त्यांनी ते स्वतःच्या रक्ताच्या तपासणीत पाहिलेले आहे. दिंडीत त्यांना सोबत असते, निघण्याची वेळ ठरलेली असते, मुक्काम ठरलेला असतो. गावी परतल्यावर यांतले काहीच नसते. म्हणून सल्ल्यात ‘कोणाबरोबर’ आणि ‘किती वाजता’ हे दोन शब्द मिनिटांइतकेच महत्त्वाचे मानावेत, असे मला अनुभवाने वाटते.

आणि ‘कुठे’ हाही. आमच्या भागात गळीत हंगामात पहाटेपासून उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने धावतात. त्या रस्त्याला पदपथ नाही, कडेला साइडपट्टीही धड नाही आणि दिवे तर मुळीच नाहीत. अशा ठिकाणी पंचावन्न वर्षांच्या बाईला पहाटे चालायला जा म्हणून सांगताना माझी जीभ अडखळते. बायकांची अडचण रस्त्यापुरतीही नसते. एकटी बाई काही काम नसताना चालत निघाली तर ओटा-ओट्यावरून चौकशी होते, आणि त्या चौकशीला कंटाळून चालणे सोडलेल्या चार-पाच जणी मला माहीत आहेत. त्यांच्यासाठी शाळेचे मैदान संध्याकाळी एक तास उघडे ठेवणे, देवळाच्या आवारात दोन दिवे लावणे, बचत गटाच्या बैठकीआधी अर्धा तास मिळून चालणे, असे उपाय ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत ठरू शकतात आणि त्यासाठी समितीकडचा अबंधित (स्थानिक गरजेनुसार खर्च करता येणारा) निधी थोडाफार वापरता येईल. प्रत्येक उपकेंद्राने आपल्या गावांतील चालण्याजोग्या जागांची यादी भिंतीवर लावावी, म्हणजे सल्ला देणाऱ्याला नेमके ठिकाण सांगता येईल.

सुरक्षिततेबाबत थोडक्यात लिहितो. सावकाश चालणे सुरू करण्यासाठी बहुतेकांना कोणत्याही तपासणीची गरज नसते. चालताना छातीत दुखणे किंवा दडपण, थोड्या श्रमाने धाप, चक्कर, फार वाढलेला रक्तदाब आणि मधुमेहींच्या पायाला जखम किंवा बधिरता, यांपैकी काही असेल तर आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाहावे. बधिर पायांच्या रुग्णाला एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबरी तळव्याच्या खास चपला मिळाल्याशिवाय चालायला सांगू नये. त्या चपला प्राथमिक केंद्रात उपलब्ध झाल्या तर किती पाय वाचतील, हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

शेवटी आम्हा खाजगी कुटुंबवैद्यांविषयी. तालुक्याच्या गावांत आणि शहरांत बहुसंख्य रुग्ण पहिल्यांदा आमच्याकडेच येतात, त्यामुळे विभागाने जे काही ठरवले ते केवळ शासकीय केंद्रांपुरते राहिले तर निम्मे काम बाहेरच राहील. कार्डाचा नमुना आणि प्रशिक्षणाचे साहित्य आम्हालाही मिळावे. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या तालुक्यात वर्षभर हे करून पाहायचे असेल, तर माझ्या दवाखान्यातील नोंदी, रुग्णांची नावे वगळून, आपल्या अधिकाऱ्यांना पाहता येतील; रविवारच्या प्रशिक्षणासाठी मी विनामोबदला येईन. उपचार कार्डांची पुढची छपाई होईल तेव्हा त्यावर मिनिटांचा तो रकाना असावा, ही माझी नेमकी मागणी आहे. त्याबाबत विभागाचा जो निर्णय होईल तो लेखी कळवावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक कुटुंबवैद्य,
जिल्हा सातारा